भिमीच्या दगडावरची खूण

१९ जानेवारी, रविवार

ही वही रविनाने दिली. मुरबाडच्या खताच्या दुकानाची भेट आहे. पुठ्ठ्यावर भाताची लोंबी आणि खाली दुकानदाराचा हसरा फोटो. "बा, तू बोलत नायस तं लिही तरी," म्हणाली, वही माझ्या मांडीवर टाकली आणि किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडायला पळाली. लग्न होऊन मुरबाडला गेली तरी पोरीचं हुकूम सोडणं काही कमी झालेलं नाही.

लिहायची मला सवय आहे. सव्वीस वर्षं तानसाच्या पाइपलाइनवर वॉचमन होतो. रोज रजिस्टरमध्ये लिहायचं: जैतू, पाळी सकाळची, सर्व ठीक. साप निघो, साहेब येवो, सर्व ठीक. तशीच आज नोंद करतो. भिमीला जाऊन तेरा दिवस झाले. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी शहापूरच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या खांद्यावर. तांदूळ आहे. सरपण पुष्कळ आहे, तिने मागच्या भिंतीला छातीइतकं रचून ठेवलंय. सर्व

पुढचा शब्द लिहवत नाही.

२४ जानेवारी

सकाळी पाड्यातला धाऊ आला. ओट्यावर बसला, तंबाखू मळली आणि अंगणात आणून ठेवलेल्या दगडाकडे बघून म्हणाला, "जैतू, वहिनीची खूण काय काढतस?"

बघू, म्हटलं.

हे वाचणारं कुणी नाही, तरी सविस्तर लिहितो, म्हणजे माझ्याच डोक्यात नीट बसेल. आमच्या बेहडपाड्यात माणूस गेलं की वेशीवरच्या ऐनाच्या झाडाखाली त्याचा दगड उभा करतात. कमरेइतका काळा दगड, शिवाय हातभर जमिनीत. वर सूर्य-चंद्र, मधे माणूस, आणि माणसाच्या पायाशी त्याची खूण. खूण म्हणजे ते माणूस ज्यावरून ओळखलं जायचं ती एक गोष्ट. ढोल वाजवणाऱ्याचा ढोल, जीप चालवणाऱ्याची जीप. दगड बसला की माणूस बसलं. तोवर ते वेशीवर उभं असतं, ना घरात ना पुढे. दगड बसवायचा दिवस अखातीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. ती चुकली तर पुढच्या अखातीपर्यंत उभंच.

आजूबाजूच्या आठ-दहा पाड्यांचे दगड मीच कोरतो. बापाने शिकवलं. त्याचा एक नियम होता, खूण आपल्या मनाने काढायची नाही, सांगणारा पाहिजे. मी लोकांच्या ओट्यावर बसून विचारायचो, "बोला, काय करायचा तो? एकच गोष्ट सांगा, पुराण नको." लोक गडबडले की मला राग यायचा. तीस-तीस वर्षं एका घरात राहता आणि एक गोष्ट सांगता येत नाही?

आता सांगणारा मीच आणि कोरणारा मीच. चौतीस वर्षं एका घरात राहिलो, आणि चार दिवस त्या दगडासमोर बसून उठतोय. भिमीचे गुडघे दुखायचे. तिला वर्षभर तिथे उभं ठेवायचं नाही. अखाती तीस एप्रिलला आहे.

२ फेब्रुवारी

नोंद करण्यासारखं काही नाही. भाकरी मीच थापतो, दर वेळी वेगळ्या तालुक्याचा नकाशा होतो. आजही अर्धी ताटात राहिली. ही सवय काही जात नाही. कुत्र्याला घातली.

९ फेब्रुवारी, रविवार

शरम गुंडाळून ठेवली आणि सगळा पाडा फिरलो. भिमी काय करायची, असं घरोघर विचारलं. याचं डोकं फिरलं अशा नजरेने लोक बघत होते. चांगली होती. कष्टाळू होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता 'चांगली' दगडावर कशी काढू?

शेजारची सकुबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि तोंडाने फटकळ. सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. "मना काय इचारतस? बायको तुझी होती का माझी?"

"सांग ना गो. एकच गोष्ट."

"तुझा दगड पुरा झाला का ती धुवायची. लेकराला न्हाऊ घालतात तशी."

"त्यात काय? धूळ जायला धुवायची."

सकुबाईने सूप थांबवलं. "जा रे बाबा," म्हणाली. "तुझ्या डोल्यात कपची गेलीय दगडाची."

घरी येऊन आठवत बसलो. दगड पुरा झाला की भिमी मला शहापूरला पिटाळायची हे खरं. काहीतरी नेमकं त्याच दिवशी संपायचं. एकदा साखर आणायला पाठवलं आणि परत येऊन बघतो तर साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, मी दोन दिवस बोललो नाही. विसरभोळी होती. पण विसरभोळेपणाही दगडावर काढता येत नाही.

१८ फेब्रुवारी

डोळे मिटून तिला बघायचा प्रयत्न केला. पाठमोरीच दिसते. चुलीशी पाठमोरी, वाटेने पुढे चालताना पाठमोरी. तोंड दिसतं ते आधार कार्डावरचं.

सव्वीस वर्षं मी पाइपलाइनवर नजर ठेवली. कुठे थेंब गळला तरी मला कळायचं. घरात चौतीस वर्षं एक बाई होती आणि तिची एक खूण मला सांगता येत नाही. मला माझी लाज वाटते. आज टाकी, म्हणजे कोरायची छिन्नी, हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

जे झालं ते लिहितो.

शेवटी मी फणी-करंडा काढायला घेतला होता. बाईच्या दगडावर मी फणी-करंडाच काढतो, बापही तेच काढायचा. बाईच्या घरी जाऊन खूण विचारायची पद्धतच नाही. फणीला अर्धा दिवस लागतो, करंड्याला त्याहून कमी. वाटलं, सगळ्यांच्या बायकांना चाललं ते हिलाही चालेल.

फणी निम्मी झाली आणि रविना आली, उकडलेली रताळी घेऊन. पिशवी हातातच धरून उभी राहिली.

"ही काय?"

"फणी."

"आईला फणी होती?"

"होती की."

"माझी शाळेतली होती, बा, दात पडलेली. ती बोटांनीच केस सोडवायची. आणि हा करंडा? तिने कधी करंड्यातलं कुंकू लावलंय? टिकल्यांचं पाकीट होतं. जुनी टिकली आरशाला चिकटवून ठेवायची, परत लावायला."

मी म्हटलं, रीत आहे ती.

"धाऊकाकाच्या आईला फणी. सुरजच्या आजीला फणी. सकुआजीच्या बहिणीला फणी. ऐनाखाली दुकान मांडलंयस काय रे बा?"

मला राग आला. हातोडा उचलला आणि फणीचे दात खोल करायला लागलो. रागात घाव घालू नये हे बापाने मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. तिसऱ्या घावाला दगड आरपार फुटला. वर भिमीचं डोकं, खाली फणी, मधे भेग.

रविनाने रताळी ओट्यावर ठेवली आणि न जेवता दुपारच्या एसटीने परत गेली.

१ मार्च

खदान बंद. फाटकाला कुलूप. तिथून मुरबाडच्या बाजूच्या खदानीवर गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काका, आता फक्त खडी बनते. अख्खा दगड कोण मागतो?" खडीचे ढीग बघून परत आलो.

चांगला दगड एकच उरला आहे, तो माझा. कोरणाऱ्याने आपला दगड जिवंतपणी निवडायचा असतो. पंधरा वर्षांपूर्वी निवडलेला, एकसंध काळा, कुठे शीर नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याच्यासमोर भिमीने सरपण रचलंय. तो तिला दिला तर मी कशावर बसू, हा विचार आला. आला हे खरं आहे, म्हणून लिहिलं. लिहिल्यावर स्वतःची किळस आली.

१५ मार्च, शनिवार

रस्ता रुंद करायला जेसीबी आला. ऐन राहणार, दगड दहा पावलं मागे घ्यायचे, असं आधीच ठरलं होतं. रस्त्याच्या बाजूचे, गेल्या दहा वर्षांतले अकरा दगड, त्यातले चार बायकांचे. पाड्यातले सगळे जमले होते. कालच्या धुळवडीचा रंग अजून लोकांच्या कानामागे होता.

पहिला धाऊच्या आईचा निघाला. जेसीबीवाल्याने पट्ट्याने उचलून आडवा ठेवला, धाऊने जमिनीतल्या भागाची माती हाताने पुसली, आणि हात मागे घेतला. खाली एक विंचू कोरलेला होता. नांगी वर केलेला.

"जैतू," धाऊ म्हणाला, "माझ्या आयच्या पायाखाली इंचू घातलास?"

तो विंचू मी काढलेला नाही. तसं सांगितलं. भिमीची शपथ घेतली. पण इथे दगडाला टाकी लावणारा दुसरा आहे कोण? बाकीचे दगड निघाले. सुरजच्या आजीच्या दगडाखाली कंदील. सकुबाईच्या बहिणीच्या दगडाखाली चपलांचा जोड. चौथ्या बाईच्या खाली एक पाखरू. पुरुषांच्या दगडांखाली काही नव्हतं.

धाऊ रडत होता आणि मला शिव्या घालत होता. सगळा पाडा त्याच्या बाजूने. मढ्यावर करणी केल्यासारखंच आहे हे, असं कुणीतरी मागून म्हणालं. शेवटी ठरलं की हे कुणी केलं ते कळल्याशिवाय माझ्या हातचा एकही दगड ऐनाखाली बसणार नाही. भिमीचाही नाही.

खूण नाही, दगड नाही, आता जागाही नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

१७ मार्च

दगड रस्त्याच्या कडेला आडवे पडलेत. दुपारी कुणी नसताना जाऊन नीट बघितले.

घाव बोटभर रुंद टाकीचे. सरळ रेघ कुठेच नाही, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेलं, बायका पाट्याला टाकी लावतात तसं. कसबी माणसाचं काम नाही. विंचवाची नांगी एकदा चुकलेली आहे, तिथे शेजारी परत काढलीय. पण विंचू विंचूच वाटतो, बोट लावायला भीती वाटेल असा. पाखरू आता उडेल. त्याच्याच वर, बाईच्या पायाशी माझी फणी, चिंचेच्या पाल्यासारखी. मला राग आला आणि मत्सरही वाटला. तीस वर्षांत माझ्या एकाही फणीने कुणी केस विंचरावे असं वाटलं नसेल.

बोटभर रुंदीची टाकी या भागात एकच होती, माझ्या बापाची. अकरा वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. माझ्याबरोबर बापाकडे शिकलेला जयराम तेव्हा आमच्याकडे येऊन-जाऊन असायचा. मी भर लग्नात, माणसांसमोर, त्याला चोर म्हटलं. तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. तोच असणार. माझी टाकी चोरून माझेच दगड बाटवले.

२० मार्च

सकुबाई स्वतःहून आली. हातात काठी, दारातूनच सुरू झाली.

"धाऊला आत्ताच झापून आले. त्याला बोलले, मेल्या, तुझ्या आयने अर्ध्या पाड्याचा इंचू उतरवला. झाडपाल्याचा लेप लावून मांडीवर डोकं घेऊन बसायची, जीव खाली येईपरंत. तुझा पण उतरवलाय, जैतू. लावणीच्या टायमाला चावला होता, गुरासारखा वरडत होतास. इसरलास?"

विसरलो होतो. आठवलं. थंड हात होते तिचे.

"आनि सुरजची आजी शेवटच्या एसटीची मानसं येईपरंत वढ्यावर कंदील धरून उभी रायची. माझी बहीण नवीन चपला शापूरच्या बाजारापरंत हातात घेऊन जायची, झिजतील म्हनून. बाजारात घालायची, परत हातात." सकुबाई हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. "ज्याने काढलं त्याला समदं ठावं होतं. बायकांजवल बसून इचारलेलं दिसतंय. तू कंदी इचारलंस?"

"कोण आहे तो?"

"मी नाय सांगनार. शबूद दिलाय. जयरामला जाऊन इचार, आनि जाशील तं मान खाली घालून जा."

म्हणजे जयरामच. चोराच्या दारात मी जाणार नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही. सुतक नाही, पण हात उचलत नव्हते. रविनाचा फोन आला. "जेवलास?" एवढंच. हो म्हटलं. अर्धं खोटं होतं.

सरपण गुडघ्यापर्यंत आलंय. ती असताना ते कधी कमी झालेलं दिसलं नाही.

एक महिना राहिला.

६ एप्रिल, रविवार

गेलो. माझी हुशारी नव्हे ती. सकाळी वेशीवरून येताना ऐनाखाली भिमी उभी दिसली. डोळ्यांचा खेळ, मला कळतं. पण एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती, गुडघा दुखला की करायची तशी. तसाच एसटीत बसलो.

जयराम हल्ली मुरबाडला मुलाकडे असतो. एका डोळ्यात मोतीबिंदू, केस पांढरे. मला आवाजावरून ओळखलं.

"ये. अकरा वर्सांनी रस्ता गावला?"

मी मान खाली घातली होती. विंचवाचं सांगितलं, कंदिलाचं सांगितलं. म्हटलं, तू काढलेस?

तो बराच वेळ हसला. "माझ्याने कसला येतो असा इंचू? तुझ्या बापाने मना तीन वर्सांत हाकलला. वहिनीने काढले."

त्याच्या सुनेने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"तुझ्या बापाची टाकी तिनेच घेतली होती. माझ्याकडे शिकायला आली, टाकी कशी धरायची, घाव कसा घालायचा. बोलली, भावजी, हे बायांना काय इचारत नाय. सगल्यांना तीच फनी. मी त्यांना इचारून ठेवते, कुनी गेली का काढीन. जमिनीत जाईल तिथं काढीन, वर माती लिपीन, यांना दिसनार नाय."

"मला का नाही सांगितलं?"

"हसशील म्हनून."

मी हसलो असतो. वही माझी आहे, इथे खोटं कशाला? नुसता हसलो नसतो, पाड्यात सांगून हसवलं असतं.

"आणि मी तुला चोर म्हटलं तेव्हा?"

"दुसऱ्या दिवशी रडत आली. सांगते बोलली त्यांना. मीच नको बोललो. सांगितलं असतं तं तू टाकी काढून घेतली असतीस. मी काय रे, चोर तं चोर." त्याने गार चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "इंचू बघितलास ना? मग."

परत आल्यावर त्याने सांगितलं तिथे बघितलं. तांदळाच्या डब्यात तळाशी, ब्लाउजपिसात गुंडाळलेली. बापाची टाकी. डोक्याकडे घाव खाऊन पसरलेली, मधे बोटांच्या जागी लोखंड गुळगुळीत झालेलं. माझी बोटं त्या जागी बसत नाहीत. तिची लहान होती.

त्या डब्यातलाच भात मी तीन महिने शिजवून खातोय.

८ एप्रिल

धाऊच्या घरी जाऊन सांगितलं. धाऊने हातातली तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाला, "आय इंचू उतरवायची. मी पोरगा तिचा, आनि इसरलो. वहिनीने ध्यानात ठेवलं." पाड्यातल्या चार माणसांना त्यानेच बोलावून सांगितलं. भिमीची जागा पक्की झाली.

खूणही मिळाली. भिमीची खूण टाकी. बापाचा नियम मोडला नाही, सांगणाऱ्याने सांगितली. सांगणारा मी नव्हतो, हे मात्र मरेपर्यंत सलत राहणार.

आता माझा दगड काढायचा. तिला देतोय, उपकार करत नाही. मी कशावर बसायचं ते माझं मी बघेन.

१४ एप्रिल

सकाळी उरलेलं सरपण बाजूला केलं. शेवटचा थर तिच्या हातचा, बोटभर जागा न ठेवता रचलेला. तो काढताना जिवावर आलं.

दगडाच्या पायथ्याला, जमिनीत जाईल त्या भागावर, काहीतरी कोरलेलं होतं. ठिपक्या-ठिपक्यांनी. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने सरळ. अर्धा चंद्र. मला आधी हसू आलं. म्हटलं, भिमे, एवढं शिकलीस आणि चंद्र खाली काढलास? चंद्र वर असतो.

पण माझ्या दगडावर तिने काही काढलं होतं, म्हणजे माझी खूण. चंद्र माझी खूण कशी? मी काही तिला चंद्र-बिंद्र दाखवलेला नाही. दिवसभर त्या चंद्रावर हात फिरवत होतो. सरळ बाजू नीट सरळ नव्हती. खडबडीत, फाटल्यासारखी. चुकली असेल, असं वाटलं.

दुपारी जेवायला बसलो. भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी ताटात ठेवून उठायला लागलो. आणि ताटाकडे बघितलं.

मोडलेली बाजू तशीच होती. खडबडीत.

रविना पोटात होती त्या वर्षी घरात दोघांत एकच भाकर व्हायची. मी अर्धी खाऊन पोट भरलं म्हणून उठायचो. तिने खावी म्हणून. तिला कळू नये म्हणून ढेकरही द्यायचो. पुढे दिवस बरे आले, डबा भरलेला राहायला लागला, आणि मी का उठतोय ते मीच विसरलो. नुसती सवय राहिली. ती दर वेळी ती अर्धी भाकर घ्यायची आणि खायची, तेहतीस वर्षं, एक शब्द बोलली नाही. आणि मी समजत होतो, घरात कुणी काही बघत नाही.

तिला माझी खूण माहीत होती. मला तिची नव्हती. ताटासमोर बसून ओक्साबोक्शी रडलो. सकुबाई धावत आली, काय झालं विचारायला लागली. मी नुसती भाकर दाखवली. तिला काय समजलं कोण जाणे, बाजूला बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

२१ एप्रिल

रविना आली आहे, अखातीपर्यंत राहणार. तिला सगळं सांगितलं. अर्ध्या भाकरीवर तिने बराच वेळ बोट ठेवलं. मग विचारलं, "आता हा दगड कोणाचा, बा?"

"वर तिचा, खाली माझा. मी गेलो की दुसरा आणू नको. याच्यासमोरच अजून एक दिवा लाव."

"लोक काय बोलतील?"

"लोकांना सांग, खदान बंद आहे."

इतक्या दिवसांनी पोरगी हसली.

कोरायला सुरुवात केली आहे, तिच्या टाकीने. माझ्या बोटांना ती अपुरी पडते, फोड आलेत. ठिपक्या-ठिपक्यांनी काढतोय. आजवर सगळ्या बायका मी उभ्या काढल्या, हात बाजूला सोडलेल्या. भिमी बसलेली काढली. एक पाय लांब केलेला, दुखरा. हातात टाकी. तोंड काढताना अडलो. रविनाला म्हटलं, सांग. ती डोळे मिटून सांगत गेली. कशात मन लावून बसली की आई ओठ आत ओढून धरायची, डावी भुवई वर जायची. मी ठिपके घालत गेलो. भिमी पहिल्यांदा समोरून दिसायला लागली.

३० एप्रिल, अखाती

दगड बसले. धाऊने आपल्या आईचा दगड कमीच पुरला, विंचू दिसेल इतका. मग तो डगडगायला लागला, तेव्हा चहूबाजूंनी दगडगोटे ठोकून पक्का केला. ते बघून सुरजने कंदील वर ठेवला, आणि सकुबाईने काठी आपटून आपटून चपलांचा जोड वर ठेवायला लावला. पाखरूही वर राहिलं. फण्या आहेत तिथेच आहेत. त्या तशाच राहू देत, माझी लाज म्हणून.

जयराम मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आला होता. त्याने भिमीचा दगड हाताने चाचपला, पायथ्यापासून वरपर्यंत. टाकीशी हात थांबला. "धार बरोबर काढलीस," म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "सोड रे, गुदगुल्या होतात."

भिमीचा दगड मात्र मी पुरेपूर पुरला, हातभर. भाकर जमिनीत गेली. ती कुणाला दाखवायची नाही.

सगळ्यांनी पुरणपोळीचा, खिरीचा नैवेद्य ठेवला. रविनाने पोळ्या केल्या होत्या, त्या तिने ठेवल्या. मी घरून एक भाकर आणली होती, माझ्या हातची, नकाशाची. सगळे गेल्यावर मोडली. अर्धी तिच्यासमोर ठेवली. अर्धी तिथेच, तिच्याशेजारी बसून खाल्ली. कुत्रा थोड्या अंतरावर बसून होता, त्याला हाकललं.

भिमे, बैस आता.